घरकुलांचें सांडपाणी : आधीं उतार, मग भिंत

नवें घर पाहावयास गेलेला मनुष्य भिंतीवर हात फिरवून पाहतो, वारा कोणत्या खिडकींतून येतो याची चौकशी करतो, आणि नळाला पाणी किती वेळ असतें हेंही विचारून घेतो. परंतु मोरींत ओतलेलें पाणी पुढें कोठें जातें, असा प्रश्न करणारा विरळाच. ज्याच्या गांठीशीं चार पैसे आहेत त्यानें हा प्रश्न न विचारला तरी निभावतें. पुढें बिघाड झाल्यास तो दुरुस्ती करवून घेतो. आयुष्याची पुंजी घालून ज्या कुटुंबानें एक लहानसें घरकुल मिळविलें, त्याला मात्र ही चूक जन्मभर भोगावी लागते. म्हणून लहान गांवांतील स्वस्त घरांच्या योजनेंत सांडपाण्याचा विचार सर्वांच्या आधीं व्हावयास हवा.

शहरांकरितां पंतप्रधान आवास योजना २५ जून २०१५ रोजीं सुरू झाली. तींत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घराचें चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरण्यांत आलें. एवढ्याशा जागेंत संडास, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा अगदीं जवळजवळ येतात, आणि अंगण असें फारसें उरत नाहीं. जुन्या वाड्याच्या परसांत शोषखड्डा खणतां येत असे. येथें तो खणावा कोठें? खणलाच तर शेजाऱ्याच्या पायाशीं ओल धरते. भुयारी गटाराची गरज ऐसपैस बंगल्यापेक्षां दाट वस्तींतील घरकुलाला अधिक आहे, ती यामुळें.

आतां या गटाराचें गणित पाहावें. भुयारी गटार असलेल्या शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरावें, आणि त्यांतील सुमारें ८० टक्के सांडपाणी होऊन गटारांत उतरेल असें मानावें, हा भारतांतील अभियंत्यांचा प्रमाण हिशेब आहे. एखाद्या वसाहतींत २०० घरें व घरटीं पांच माणसें असल्यास दिवसाकांठीं १,०८,००० लिटर सांडपाणी होतें. चोवीस तासांवर सारखें वांटलें तर तें सेकंदास सव्वा लिटर भरतें. परंतु लोक चोवीस तास सारखें पाणी वापरीत नाहींत. सकाळीं घरोघर एकाच वेळीं आंघोळी, धुणीं आणि भांडीं चाललेलीं असतात. त्यासाठीं अशा लहान वस्तींत सरासरीच्या तिप्पट ओघ धरतात. म्हणजे सेकंदास पावणेचार लिटर.

सांडपाण्यांतील जड कण तळाशीं न बसतां वाहून जावेत, यासाठीं गर्दीच्या वेळीं तरी ओघाला सेकंदास निदान ०.६ मीटर वेग असावा लागतो. वरील वसाहतीचें पाणी १५० मिलिमीटर व्यासाच्या नळांतून न्यावयाचें, तर एवढा वेग मिळण्यास सुमारें १५० मीटरांस एक मीटर असा उतार हवा. वरच्या टोंकाला चारदोन घरांचेंच पाणी असतें. तेथें उतार याहूनही अधिक द्यावा लागतो. नळ मोठा घातला म्हणजे तुंबण्याची भीति उरत नाहीं, असें पुष्कळांना वाटतें. पण तो भ्रम आहे. मोठ्या नळांत तेवढेंच पाणी तळाशीं पसरून मंदपणें वाहतें, आणि मैला मागें राहतो.

खरी अडचण उताराची. सपाट जमिनीवर एक मीटर खोलीवर निघालेला नळ याच उतारानें ६०० मीटर गेला, कीं तो पांच मीटर खोल गेलेला असतो. एवढ्या खोल चराच्या कडा ढांसळण्याचें भय असतें, खडक लागला तर खर्च वाढतो, आणि अखेर पंप बसवून पाणी वर उचलावें लागतें. त्यांतच स्वस्त घरांसाठीं निवडलेली स्वस्त जमीन पुष्कळदां ओढ्याकांठची, सखल अशी असते. जमिनींत वांचविलेला पैसा मग वर्षानुवर्षें पंपाच्या विजेंत जातो. आणि वीज गेली म्हणजे मैला सर्वांत खालच्या घराच्या मोरींतून वर येतो! म्हणून जागेचा सौदा होण्यापूर्वींच तिची पातळी मोजून, गांवच्या मुख्य गटाराच्या तळाशीं ती ताडून पाहिली पाहिजे.

घराच्या जोत्याचेंही तसेंच आहे. रस्त्यावर दर कांहीं वर्षांनीं डांबराचा नवा थर चढतो, घर मात्र आहे तेथेंच राहतें. रस्त्यावरील चेंबरच्या झांकणापेक्षां घरांतील मोरी खालीं गेली, तर गटार तुंबतांच पाणी उलटें घरांत शिरणार. पन्हाळीचें पाणी गटाराला जोडण्याचा मोहही टाळला पाहिजे. सांडपाण्यापुरता घातलेला नळ श्रावणांतील एका सरीनेंच भरून जातो. पावसाच्या पाण्याला वाट वेगळी असावी.

एवढें सर्व साधलें तरी एक पाऊल उरतें, आणि योजना बहुधा तेथेंच अडखळते. गटार दारावरून जातें, परंतु घर त्याला जोडलेलें नसतें. रस्त्यावरचा नळ सार्वजनिक पैशानें पडतो; रस्ता ते मोरी हे पांचसात मीटरांचें काम घरमालकावर सोंपविलेलें असतें. त्याला फरशी फोडावी लागते, गवंडी लावावा लागतो, जोडणीचें शुल्क भरावें लागतें. रोजंदारीवर जगणारा मनुष्य हें काम पुढें ढकलतो, यांत नवल नाहीं. घरें जोडलीं न गेल्यानें गटारांत पुरेसा ओघ येत नाहीं, ओघ नसल्यानें तें गाळानें भरतें, आणि शुद्धीकरण केंद्र सांडपाण्याची वाट पाहत बसतें. यावर उपाय सोपा आहे. घर बांधतांनाच हद्दीवर जोडणीचें चेंबर बांधावें आणि त्याचा खर्च घराच्या किंमतींतच धरावा.

गरीब लोक स्वतः हें काम करूं शकत नाहींत, असें मात्र कोणी समजूं नये. कराचींतील ओरंगी या वस्तींत १९८० सालीं अख्तर हमीद खान यांनीं आरंभिलेल्या प्रकल्पांत गल्लींतील रहिवाशांनीं वर्गणी काढून आपल्या संडासांची व गल्लीच्या गटाराची व्यवस्था स्वतः केली. नकाशे, पातळ्या आणि सल्ला जाणत्यांनीं पुरविला. मुख्य गटार व शुद्धीकरण हें सरकारचें काम, ही वांटणी तेथें स्पष्ट होती. कोणतें काम कोणाचें हें आधीं ठरलें, म्हणजे निम्मी वाट सरते.

जेथें मुख्य गटार अद्याप पोंचलें नाहीं, तेथें सेप्टिक टाकीवांचून गत्यंतर नाहीं. ती घरामागें दडवूं नये. उपसणारी गाडी जेथवर येऊं शकेल अशा जागीं बांधावी, आणि पुढें गटार येतांच जोडतां येईल अशा पातळीवर तिचें तोंड ठेवावें. सातारा जिल्ह्यांत कृष्णाकांठच्या वाई शहरांत आणि नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर येथें, टाकी तुंबून ओसंडेपर्यंत न थांबतां, ठराविक वर्षांनीं पाळीपाळीनें सर्व टाक्या उपसून मैल्यावर केंद्रांत प्रक्रिया करण्याची पद्धत सुरू करण्यांत आली. लहान गांवांनीं गिरवावा असा हा धडा आहे.

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत गंभीर. चुकीच्या उताराचें गटार वरचेवर तुंबतें. तें मोकळें करण्यास कोणाला तरी आंत उतरविलें जातें, आणि तेथील विषारी वायूनें त्याचे प्राण जातात. २०१३ च्या कायद्यानें माणसाला अशा धोक्याच्या सफाईस लावणें गुन्हा ठरविलें. गटारांत मृत्यु पावलेल्याच्या कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिला. परंतु भरपाईनें गेलेला मनुष्य परत येत नाहीं. नकाशावर ओढलेल्या रेषेंतील चूक अखेर कोणाच्या प्राणावर बेतते, याचें भान रेषा ओढणारानें ठेविलें पाहिजे.

घरकुलाची किल्ली देण्याचा समारंभ थाटानें होतो, आणि तो व्हावाही. मात्र त्यापूर्वीं एक साधी परीक्षा घेण्यासारखी आहे. रंग कालविलेलें बादलीभर पाणी प्रत्येक घराच्या मोरींत ओतावें, आणि तें रस्त्यावरच्या चेंबरमध्यें उतरतें कीं नाहीं, हें झांकण उघडून पाहावें. पाणी उतरलें, तर किल्ली द्यावी. न उतरलें, तर तें घर अद्याप बांधून झालेलें नाहीं, असें समजावें.