पाय कापल्यानंतर जपायचं काय?

धमन्या म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या. त्या आतून चोंदल्या की पायाला रक्त कमी पडतं, जखमा भरत नाहीत आणि काही वेळा पाय कापावा लागतो. पाय गेला तरी आजार मात्र राहतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांच्या धमन्याही बहुधा तशाच झालेल्या असतात. म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला तर धोका आणखी वाढतो.

पहिल्या दिवसांत हृदयाकडे लक्ष ठेवावं. मधुमेहींना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. दम लागला, दरदरून घाम फुटला, मळमळलं तर आपण लगेच नर्सला सांगावं.

पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी धरू शकते. डॉक्टर सांगतील तेव्हापासून रुग्णाला उठवून बसवावं, दीर्घ श्वास घ्यायला लावावेत.

रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, घसरलेली साखर किंवा क्षार यांमुळेही असं होतं. सडलेला भाग निघाला की इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. जुनाच डोस चालू राहिला तर साखर फार खाली जाते.

मग स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग. कडा काळ्या पडणं, दुर्गंधी, ताप ही संसर्गाची किंवा रक्त न पोचल्याची लक्षणं. उशीर झाला तर आणखी वर कापावं लागतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आराम पडावा म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवणं. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही.

नसलेल्या पायाची बोटं दुखतात, असं रुग्ण म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नये. हे दुखणं खरं असतं, त्यावर उपचार आहेत. रात्री झोपेत पाय आहे असं वाटून रुग्ण उठतो आणि पडतो. म्हणून दिवा आणि लघवीचं भांडं हाताशी असावं.

घरी आल्यावर ‘पाय गेला, आता गोळ्या कशाला?’ असं म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद होतात. त्या हृदयासाठी आणि दुसऱ्या पायासाठी असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री मात्र आजच सोडावी. दुसऱ्या पायाची टाच आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. तिथे छोटासा फोड दिसला, तरी आपण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.