पिनेला धरून ठेवणार कोण?

उरूस असो की जत्रा, फुगे फोडण्याच्या दुकानाशिवाय तिला रंग चढत नाही. अशाच एका दुकानदाराने काही वर्षांपूर्वी आपली छऱ्याची बंदूक आमच्या परिचयाच्या एका लेथ कारागिराकडे आणली. घोड्याच्या यंत्रणेतील एक आडवी पिन सारखी बाजूला सरकत होती. कारागीर हुनरमंद, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी. त्याने साध्या लोखंडी सळईची नवी पिन कापली, ठोकून बसविली आणि दोन्ही टोकांवर पंच मारून ती फुलविली. काम दहा मिनिटांत झाले.

पंधरा दिवसांनी दुकानदार परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. बंदूक भरून फळीवर ठेवताना तिचा दस्ता जरा आपटला आणि घोड्याला कोणी बोट न लावताच ती सुटली. छरा वरच्या कापडातून गेला. समोर मुले उभी होती. कोणाला इजा झाली नाही, हे सर्वांचे नशीब. बंदूक उघडून पाहिली तर पिन एका पत्र्यातून निम्मी बाहेर आलेली आणि तिच्यावर फिरणारा अडकवणीचा तुकडा तिरपा झालेला होता.

पुढच्या शुक्रवारी तो कारागीर भेटला तेव्हा त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "पिन तर मी मापाची केली होती, मग निघाली का?" हा प्रश्न बंदुकीपुरता नाही. मोटारसायकल, ऑटोरिक्षा, उसाची ट्रॉली, शटर, शिलाई मशीन आणि वाळूजच्या कारखान्यातील यंत्र, या सर्वांत पिना आहेत. आपल्यापैकी निम्म्या कारागिरांची रोजी या ना त्या रूपाने पिनेवर चालते. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगण्याचे आम्ही ठरविले आहे.

दोन कामे, दोन वस्तू

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, पिनेवर येणारा भार आणि पिनेला बाहेर ढकलणारा जोर या दोन वेगळ्या बाबी आहेत. भार आडवा येतो. तो सोसण्यासाठी पिनेची जाडी आणि पोलाद बघावे लागते. बाहेर ढकलणारा जोर मात्र पिनेच्या लांबीच्या दिशेने असतो. तो थोडा असतो, पण थांबत नाही. यंत्र थरथरते, पिनेवर फिरणारा भाग तिला कधी इकडे कधी तिकडे ओढतो, आणि दर धक्क्याला पिन केसभर सरकते. हजार धक्क्यांत ती बाहेर येते.

पिन मापाची केली म्हणजे पहिले काम झाले. दुसऱ्या कामासाठी वेगळी वस्तू लागते. आमच्या कारागिराने टोके फुलवून दोन्ही कामे पिनेवरच टाकली. जाड लोखंडात ते कदाचित निभावले असते. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात ते टिकले नाही. शिवाय ठोकून बसविलेली पिन दर वेळी काढताना भोक थोडे मोठे होते आणि पुढची पिन आणखी सैल बसते.

रायफली बनविणारे मोठे कारखानेसुद्धा या जागी केवळ घट्ट ठोकण्यावर विसंबत नाहीत. रशियाच्या कलाश्निकोव्ह रायफलीत घोड्याच्या आणि हातोडीच्या पिनांना बारीक खाचा असतात आणि आत बसविलेली एक तारेची स्प्रिंग त्या खाचांत अडकून दोन्ही पिना धरून ठेवते. अमेरिकेच्या एम-१६ मध्ये हातोडीच्या आतली लहान तार तिच्या पिनेच्या खाचेत बसते, तर हातोडीच्या स्प्रिंगचा एक पाय घोड्याच्या पिनेच्या खाचेवर टेकतो. देश दोन, कारखाने दोन, पण तत्त्व एकच : पिनेला खाच आणि खाचेत स्प्रिंग.

कोणत्या जागी काय वापरावे?

वस्तू निवडण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पिन स्वतः फिरते की स्थिर आहे? थरथर किती आहे? ती किती वेळा काढावी लागणार? आणि पक्कड घालण्यास जागा आहे काय? उत्तरे मिळाली की वस्तू आपोआप ठरते.

कॉटर पिन, म्हणजे स्प्लिट पिन, जुनी आणि भरवशाची. चाकाचा आस, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, ब्रेकचा रॉड अशा जिवाच्या जागी तीच असते. हिचे माप पिनेचे नसून भोकाचे असते, हे अनेकांना ठाऊक नसते. चार मिलिमीटरची कॉटर म्हणजे चारच्या भोकात जाणारी कॉटर; ती स्वतः चारपेक्षा बारीकच असते. कंगोऱ्याच्या नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट थोडा आणखी आवळावा, मागे फिरवू नये. आणि एकदा वाकविलेली कॉटर सरळ करून परत घालू नये.

सर्क्लिप ही खाचेत बसणारी पोलादी कडी. दंडावरची वेगळी आणि भोकातली वेगळी. येथे खाच अचूक हवी. २० मिलिमीटरच्या दंडासाठी प्रमाणित कडी १.२ मिलिमीटर जाडीची असते. खाचेचा व्यास १९ आणि रुंदी १.३ मिलिमीटर ठेवावी लागते. खाचेच्या बाहेर टोकाकडे निदान दीड मिलिमीटर धातू शिल्लक हवा, नाहीतर कडी जाग्यावर राहील आणि खाचेची कडच तुटून जाईल. छाप्यात कापलेल्या कडीची एक बाजू किंचित गोल व दुसरी धारदार असते. गोल बाजू धरावयाच्या भागाकडे आणि धारदार बाजू खाचेच्या भिंतीकडे ठेवावी.

इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिक बंधूंना तर हे तोंडपाठ असावे. पिस्टनच्या गजन पिनेची क्लिप दर वेळी नवीच घालावी आणि तिचे तोंड वर किंवा खाली ठेवावे. तोंड आडवे ठेवले तर पिस्टनच्या वर-खाली झटक्यांनी क्लिप दबून खाचेतून सुटू शकते. सुटलेली क्लिप सिलिंडर खरवडून काढते आणि दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी गिऱ्हाइकाला बोअरचा खर्च बसतो. मोटारसायकलच्या चेन लॉकचेही असेच. तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी. उलट बसविली तर कशाला तरी अडकून ती निघण्याचे भय असते.

ई-क्लिप बाजूने सरकवून बसविता येते. बारीक पिना आणि अडचणीच्या जागा यांसाठी ही उत्तम. हिचा नंबर पिनेच्या व्यासाचा नसून खाचेच्या व्यासाचा असतो. ३.२ नंबरची क्लिप चार ते पाच मिलिमीटरच्या पिनेस लागते. दुकानात जाऊन नुसते "चारची द्या" म्हटले की चूक होते.

स्प्रिंग डॉवेल, ज्याला काही जण रोल पिन म्हणतात, ती चिरलेली पोकळ नळी असते. पाच मिलिमीटरची डॉवेल मोजली तर साडेपाचच्या आसपास भरते. ती दाबली जाऊनच पाचच्या भोकात बसते आणि स्वतःच्या ताणाने धरून राहते. भोकाला रीमर लावण्याची गरज नाही, साधे ड्रिल पुरते. मात्र तिच्यावर एखादा भाग सतत फिरत असेल तर ती निवडू नये. स्थिर जोडासाठीच ती चांगली.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन दिवसातून चार वेळा काढावी लागते. तेथे तारेची आर-क्लिप किंवा कडीची लिंच पिन हवी. तिच्या जागी खिळा वाकवून घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तो खिळा रस्त्यावर गळून पडला की मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याची किंमत मोजावी लागते.

चकाकी आणि तडा

आणखी एक सूचना. सर्क्लिपा व क्लिपा कडक स्प्रिंग पोलादाच्या असतात. त्या चकचकीत दिसाव्यात म्हणून कोणी झिंक प्लेटिंग करून घेतात. विजेच्या प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन वायू कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. क्लिप बसविताना काही होत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ती आपोआप तडकते. प्लेटिंग करावयाचेच असेल तर त्यानंतर लगेच, चार तासांच्या आत, सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत तापविण्याची अट प्लेटिंगवाल्यास घालावी. नाहीतर काळी, तेल लावलेली क्लिपच बरी. गिऱ्हाइकाला चकाकी दाखविण्यापेक्षा काळ्या क्लिपचे कारण समजावून सांगावे.

कायद्याची गोष्ट

आता बंदुकीकडे परत येऊ. त्या कारागिराला आम्ही सांगितले की, उत्तर सोपे होते : एका टोकास डोके असलेली कडक पोलादाची पिन, दुसऱ्या टोकास खाच आणि खाचेत ई-क्लिप. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा होता : हे काम आपण घ्यावे काय?

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल, रायफल बनविणे तर सोडाच, दुरुस्त करणेही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने याची शिक्षा किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली आहे. गिऱ्हाइकाकडे बंदुकीचा परवाना असला म्हणजे आपल्याला दुरुस्तीचा परवाना मिळाला, असे होत नाही. छऱ्याच्या बंदुकांचाही विचार २०१६ च्या शस्त्र नियमांत केलेला आहे. म्हणून लेथवाल्याने, वेल्डरने असे काम नम्रपणे परत करावे आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पाठवावे. शंभर-दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी घराचा कर्ता माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागला तर त्या कमाईत बरकत कसली?

डबी ठेवा, नाव राखा

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर आपल्या शहराच्या कारागिरीचे रूप बदलले. चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा येथे सुटे भाग पुरविणारी वर्कशॉपे वाढली. शहराचे सरकारी नाव आज छत्रपती संभाजीनगर झाले आहे. येथील टर्नर-फिटरच्या हाताची ओळख मात्र कायम आहे. कारखान्याच्या ड्रॉइंगवर सर्क्लिपचाही नंबर लिहिलेला असतो आणि तीच वापरावी लागते. तेथे "चालून जाईल" हा शब्द चालत नाही. मग तीच शिस्त आपल्या गल्लीतल्या दुकानात का नसावी?

आमची सूचना साधी आहे. दुकानात खणांची एक डबी ठेवा. नेहमी लागणाऱ्या मापांच्या कॉटर, सर्क्लिपा, ई-क्लिपा आणि डॉवेल तीत भरून ठेवा. आतल्या व बाहेरच्या सर्क्लिपसाठी दोन वेगळ्या पकडी घ्या. पेचकसाने क्लिप ताणू नका, ती एकदा वाजवीपेक्षा फाकली की निकामी झाली. काढलेली जुनी क्लिप गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि नवीचे पैसे बिलात वेगळे लिहा. त्याला राग येत नाही, उलट भरवसा वाटतो. आणि दुकानातल्या शागीर्दाला पहिल्या महिन्यातच शिकवा की, पिन बसविली म्हणजे काम संपले नाही. तिला धरणारी वस्तू बसविली, बोटाने फिरवून पाहिली, तेव्हा संपले.

त्या कारागिराने आता बंदुकीची कामे घेणे बंद केले आहे. त्याच्या टेबलावर मात्र तशी डबी आली आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा तो एका ट्रॉलीवाल्याशी वाद घालीत होता. ट्रॉलीवाला म्हणत होता, "भाई, खिळाच घाला, लवकर जायचे आहे." कारागिराने काही न बोलता डबीतून आर-क्लिप काढून बसविली, दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "पैसे नका देऊ, पण खिळा घालून मी गाडी सोडणार नाही."