गौरीपुढचा कागदी गुच्छ

दिल्लीतला भाद्रपद म्हणजे घाम आणि दमट हवा. गाझीपूरच्या मंडीतून सकाळी आणलेली फुलं संध्याकाळी मलूल होतात, आणि गौरी तर घरात तीन दिवस. पूजेला ताजीच फुलं हवीत. पण मखराच्या दोन्ही बाजूंना टिश्यू पेपरच्या फुलांचे गुच्छ ठेवले की आरास शेवटपर्यंत टवटवीत राहते. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्याच्या जागी कागद मला मनापासून आवडतो.

कागदाची पारख

कागदासाठी चावडी बाजार गाठावा. हे नाव आपल्या ‘चावडी’वरूनच आलं असं मानतात, त्यामुळे तिथे गेलं की उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं. रविवारी मात्र जाऊ नका, बाजार बंद असतो. जवळच लाल कुआँत पतंगांची दुकानं आहेत. दिल्लीत पतंग संक्रांतीला नव्हे, 15 ऑगस्टला उडतात, म्हणून गणपतीच्या सुमाराला तिथे पतंगी कागदही सहज मिळतो. तो कुरकुरीत असतो. झेंडूला चालतो, गुलाबाला मऊ टिश्यूच हवा. घेताना ओल्या बोटाने कोपरा चोळून पाहा. रंग बोटाला लागला तर तो कागद सोडून द्या, कारण गौरीच्या साडीलाही तो लागेल.

एक फूल

10 बाय 15 सेंटिमीटरचे आठ तुकडे एकावर एक ठेवा. लांब बाजूने पंख्यासारख्या दीड-दीड सेंटिमीटरच्या चुण्या घाला. उरलेल्या पट्टीला बरोबर मध्यावर बारीक तार गुंडाळा. फार आवळली तर कागद तिथेच तुटतो.

आता टोकं कापा. गोल कापली तर गुलाब, टोकदार कापली तर डेलिया, बारीक झिरमिळ्या केल्या तर झेंडू. एवढ्याशा कापण्याने फुलाची जात बदलते!

खरं काम यानंतरचं. पट्टी दोन्ही बाजूंनी पंख्यासारखी उघडा आणि सगळ्यात वरचा थर मध्याकडे उभा करा. मग दुसरा, मग तिसरा. पाकळी कडेला धरली की फाटते; दोन बोटं आत, तारेजवळ घालून तिला मुळाशी धरा आणि हलकेच वर ओढा. खालचे दोन थर आडवेच राहू द्या, त्यांच्यावर फूल बसतं. पहिल्या फुलाला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

गुच्छ बांधताना

देठाला खराट्याचा हीर उत्तम. इकडे त्याला सींक म्हणतात. त्यावर हिरव्या क्रेप कागदाची पट्टी खळीने तिरकी गुंडाळत यायची. सात किंवा नऊ फुलं पुरतात, पण सगळी पूर्ण उमललेली नकोत. दोन-तीन अर्धवट उलगडून सोडा, त्या कळ्या होतात. मोठी फुलं खाली, कळ्या वर आणि देठ कमी-जास्त उंचीचे.

जपणूक

कूलरसमोर गुच्छ ठेवू नका. आमच्याकडे एका वर्षी रात्रभर तो ओला झोत लागला आणि सकाळी गुलाबी पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. विसर्जनाला निघताना गुच्छ घरीच ठेवा. देठ वर, फुलं खाली अशी कपाटात टांगली की पाकळ्या दबत नाहीत. पुढच्या वर्षी बोटांनी थोड्या मोकळ्या केल्या की पुरे.