गुडघ्याच्या झटक्याला आकडा मिळतो तेव्हा

कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू पाय रोवून गर्रकन वळतो. अंग वळतं, पाय मात्र तिथंच राहतो आणि गुडघ्यात ‘कट्’ होतं. काही आठवड्यांत सूज उतरते, तो चालू-फिरू लागतो. पण जिना उतरताना, पटकन वळताना गुडघा अचानक सटकतो. का?

मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधणारा एक अस्थिबंध असतो, एसीएल. लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर! नडगी पुढे घसरू नये, आत फार वळू नये, हे सगळं तो सांभाळतो. तोच तुटलेला असतो.

हे ओळखायची एक विलक्षण तपासणी टोरांटोच्या डॉक्टरांनी 1972 मध्ये मांडली, पिव्हट शिफ्ट. पाय सरळ धरून नडगी आत वळवायची, बाहेरच्या बाजूनं दाब द्यायचा आणि गुडघा हळूहळू वाकवायचा. सरळ पायात नडगी पुढे सरकलेली असते. साधारण 30 अंशांपाशी ती खट्‌दिशी जागेवर येते. कोण आणतं तिला? मांडीच्या बाहेरच्या अंगानं उतरणारा एक लांब पट्टा. पाय सरळ असताना तो गुडघ्याच्या आसापुढे असतो, वाकला की आसामागे जातो. म्हणजे आतापर्यंत गुडघा सरळ ठेवणारा पट्टाच क्षणात नडगीला मागे खेचू लागतो!

पण हा झटका केवढा? डॉक्टरांचा हात सांगेल तेवढा. एकाच गुडघ्याला एक डॉक्टर दुसरी श्रेणी देतात, दुसरे तिसरी. मग मोजायचं कसं?

नडगीच्या वरच्या टोकाला, कातडीवर, एक छोटा सेन्सर घट्ट बांधायचा. त्यातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा नाजूक स्प्रिंगांवर तोललेला असतो. एसटीनं ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे कलतात, तसा नडगीच्या झटक्यानं हा ठोकळा कलतो. त्याचं शेजारच्या पट्ट्यांपासूनचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत संकेत बदलतो आणि त्वरण कळतं. शेजारी वळणं टिपणारा जायरोस्कोप असतो. त्यातला सूक्ष्म ठोकळा सतत थरथरत असतो; नडगी वळली की तो बाजूला ढळतो. चक्रीवादळांना गरगरायला लावणारा कोरिऑलिस परिणाम इथं केसापेक्षा बारीक भागांत कामाला लागतो! आणि अशाच चिपा तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहेत.

डोळ्याला जेमतेम दिसणारा तो खटका आता आलेखावर टोकदार उंचवटा होऊन उमटतो. पण एकटा आकडा काहीच सांगत नाही. काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. म्हणून तुलना करायची ती त्याच माणसाच्या धडधाकट गुडघ्याशी. आणखी एक गोष्ट: जागा रुग्ण नकळत स्नायू आवळतो आणि झटका लपतो. भूल दिल्यावर तो उघडा पडतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलावरच आधी आणि नंतर मोजता येतं, तुटलेल्याच्या जागी बसवलेला नवा अस्थिबंध झटका थोपवतो की नाही ते.

तपासणाऱ्याचा वेग बदलला, सेन्सर कातडीसोबत हलला, तरी आकडा बदलतो. म्हणून यंत्र आलं तरी सरावलेला हात हवाच.

तुमचा गुडघा मुरगळल्यानंतर सटकत असेल, तर ‘होईल बरा’ म्हणून बसू नका. प्रत्येक सटकण्यात आतली गादी आणि कूर्चा झिजू शकतात. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि दोन्ही गुडघे तपासून घ्या.