फाशी गेलेल्या गुलामाची किंमत

5 नोव्हेंबर 1831 रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, साउदॅम्प्टन परगण्याच्या न्यायालयाने नॅट टर्नरला फाशी सुनावली आणि लगोलग त्याची किंमतही ठरवली : 375 डॉलर. टर्नरने ऑगस्टमध्ये घडवलेल्या गुलामांच्या उठावात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले होते. कागदोपत्री त्याचा मालक पटनम मूर नावाचा अल्पवयीन मुलगा. तोही उठावात मारला गेला होता. तरी न्यायाधीशांनी किंमत लावण्याचे काम टाळले नाही. सहा दिवसांनी टर्नरला फासावर चढवण्यात आले.

किंमत ठरवणे ही त्या न्यायालयाची लहर नव्हती, कायद्याने लावलेली रीत होती. 1705 च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार गुलामाला देहदंड झाला, तर त्याच्या मालकाला सरकारी तिजोरीतून भरपाई मिळे. कारण उघड होते. गुलाम फासावर गेला की मालकाचे भांडवल बुडणार, म्हणजे मालक त्याचा गुन्हा दडपणार. मालकाने त्याला आपणहून हवाली करायचे, तर सरकारला पदरमोड करणे भाग होते.

मालकाच्या हातून गुलाम मेला, तर मात्र हिशेब वेगळा. 1669 च्या कायद्याने आधीच सांगून टाकले होते की शिक्षा करताना गुलाम दगावला तर तो खून मानायचा नाही, कारण स्वतःची मालमत्ता जाणूनबुजून कोण नष्ट करेल? मालकाच्या स्वार्थावर इतका विश्वास टाकणारा कायदा छत्तीस वर्षांनी त्याच स्वार्थाला घाबरून थैली उघडतो, यात विसंगती दिसेल. पण दोन्ही वेळा सांभाळले ते मालकाचे धन.

खटल्याची व्यवस्थाही निराळी होती. 1692 पासून गुलामांवरचे देहदंडाचे खटले खास न्यायालयांत, ज्यूरीशिवाय चालत. निवाडा करणारे स्थानिक जमीनदार, बहुतेक स्वतः गुलामांचे मालक. दोषी ठरवायचे त्यांनी आणि बाजारभाव सांगायचा तोही त्यांनीच.

मग 1796 मध्ये व्हर्जिनियाने सुधारणेचे पाऊल टाकले. स्वतंत्र नागरिकांना देहदंड उरला तो फक्त पूर्वनियोजित खुनासाठी. बाकी गुन्ह्यांना तुरुंगवास. ही सवलत गुलामांना नव्हती. ज्याचे स्वातंत्र्य मुळातच हिरावलेले, त्याला कोठडीत घालून आणखी काय हिरावणार, आणि मालकाची मजुरी का बुडवायची? गोऱ्याला तुरुंग होई अशा अनेक गुन्ह्यांसाठी गुलामाला पुढेही फास होताच.

1800 च्या उन्हाळ्यात गॅब्रिएल या लोहारकाम करणाऱ्या गुलामाने रिचमंड शहर ताब्यात घेण्याचा बेत रचला. ठरलेल्या रात्रीच मुसळधार पाऊस कोसळला, रस्ते बंद पडले आणि दोन गुलामांनी बेत फोडला. गॅब्रिएलसह 26 जण फासावर गेले. मालकांच्या भरपाईपोटी 8,900 डॉलरांहून अधिक रक्कम राज्याला मोजावी लागली. खबर देणाऱ्या दोघांना राज्याने मालकांकडून विकत घेऊन मुक्त केले, तोही खर्च तिजोरीचाच. गव्हर्नर जेम्स मन्रो यांनी सल्ला विचारला, तेव्हा थॉमस जेफरसन यांनी आता फाशा पुरेशा झाल्याचे मत कळवले.

1801 मध्ये त्यावर तोड निघाली. देहदंड झालेल्या गुलामाला फाशी न देता देशाबाहेर नेण्याच्या अटीवर व्यापाऱ्याला विकण्याची मुभा गव्हर्नरला मिळाली. मालकाला भरपाई, राज्याला विक्रीची रक्कम. यातून अनेकांचे प्राण वाचले हे खरे. पण ती दया तिजोरीच्याही सोयीची होती, हे विसरता येत नाही.

1865 मध्ये गुलामगिरी संपली, तशी भरपाईही. यापुढे काळ्या माणसाला फाशी देताना राज्याला कुणाचे देणे उरले नाही. 1908 मध्ये रिचमंडच्या तुरुंगात विजेची खुर्ची आली. तेव्हापासून 1951 पर्यंत व्हर्जिनियाने बलात्काराच्या गुन्ह्यासाठी 45 जणांना मृत्युदंड दिला. ते सगळेच्या सगळे काळे होते. त्यांतले सात मार्टिन्सव्हिल शहरातल्या एकाच प्रकरणातले.

24 मार्च 2021 रोजी गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी ग्रीन्सव्हिल तुरुंगात मृत्युदंड रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. दक्षिणेतले असे पाऊल उचलणारे व्हर्जिनिया हे पहिले राज्य. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिन्सव्हिलच्या त्या सात जणांना मरणोत्तर माफी देण्यात आली.