पाळीव प्राण्यांचा आहार : कच्चा की शिजवलेला?

कुत्रा आणि मांजर हे मानवाचे फार जुने सोबती होत. उरलेली भाकरी, ताकभात आणि सणावारी मिळालेला हाडकाचा तुकडा यांवर त्यांचे पोषण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. त्यांच्या आहाराचा स्वतंत्र विचार करावा, अशी गरज क्वचितच कोणास वाटली. गेल्या काही दशकांत मात्र पाश्चात्त्य देशांत एक विचारप्रवाह पुढे आला आणि आपल्या शहरांतही त्याला अनुयायी मिळू लागले. शिजवल्याने अन्नातील पाचक विकरे नष्ट होतात, म्हणून कुत्र्यामांजरांना कच्चे मांस, कच्ची हाडे व कच्चे अवयवच द्यावेत, असे हा पक्ष सांगतो. वरवर पाहता हा हौशी प्राणिपालकांचा खासगी प्रश्न वाटेल. परंतु कुत्र्याच्या तोंडी पडणारे कच्चे मांस हा गावाच्या आरोग्याशीही निगडित असा विषय आहे, आणि म्हणूनच त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

विकरांचे कार्य

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम असे म्हणतात. १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातील प्रथिने पचविणारे द्रव्य शोधून काढले व त्यास पेप्सिन हे नाव दिले. विकरांचा प्रत्यय स्वयंपाकघरातही येतो. मटण लवकर शिजावे म्हणून त्यास कच्च्या पपईचा कीस लावून ठेवण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. पपईच्या चिकातील पपेन हे विकर मांसातील प्रथिने तोडते आणि मांस मऊ पडते. हीच पपई आधी चांगली उकळून घेतली तर तिचा हा गुण नाहीसा होतो, कारण उष्णतेने विकराची घडण मोडते. तेव्हा शिजवल्याने अन्नातील विकरे निकामी होतात, हे विधान खरे आहे. वाद आहे तो त्यापुढील निष्कर्षाविषयी.

एडवर्ड हॉवेल या अमेरिकन वैद्यकाने १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक प्राणी विकरे निर्माण करण्याची मर्यादित शक्ती घेऊन जन्मास येतो आणि शिजवलेल्या अन्नामुळे ती अकाली खर्ची पडते. ही कल्पना आकर्षक आहे, पण शरीरशास्त्र तिला दुजोरा देत नाही. शरीर आपली पाचक विकरे अन्नातून मिळणाऱ्या अमिनो आम्लांपासून रोजच्या रोज नव्याने तयार करीत असते. तो जन्मतः मिळालेला साठा नव्हे. शिवाय अन्नातून पोटात गेलेली विकरे हीदेखील प्रथिनेच असल्यामुळे जठरातील तीव्र आम्लात त्यांपैकी बहुतेकांचा, इतर प्रथिनांप्रमाणे, निकाल लागतो. कुत्र्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर जवळजवळ नसतेच. पचनाचा मुख्य भार जठर, स्वादुपिंड व लहान आतडे यांच्यावर असतो आणि निरोगी प्राण्यात हे अवयव तो समर्थपणे वाहतात.

याला एक अपवाद आहे आणि तो नमूद करणे न्यायाचे होईल. काही कुत्र्यांत, विशेषतः जर्मन शेफर्ड जातीत, स्वादुपिंडाचा पाचक रस तयार करणारा भाग क्षीण होतो. असा कुत्रा अधाशासारखा खातो, तरीही वाळत जातो आणि त्याची विष्ठा फिकट व पुष्कळ असते. त्यास बाहेरून विकरे द्यावीच लागतात. त्यासाठी जनावरांच्या स्वादुपिंडापासून तयार केलेली भुकटी अन्नात मिसळतात. हा रोगावरील उपचार झाला. त्यावरून प्रत्येक निरोगी कुत्र्यास विकरांची भुकटी चारण्याचे कारण नाही.

लांडगा आणि कुत्रा

कुत्रा हा लांडग्याचाच वंशज, म्हणून त्याने लांडग्याप्रमाणे खावे, असा दुसरा युक्तिवाद केला जातो. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी या दोन प्राण्यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या सहवासात राहून, त्याच्या धान्यावर वाढून कुत्र्याचे शरीरच पालटले आहे. आपल्या गावातला भाकरीवर वाढलेला कुत्रा निसर्गाविरुद्ध जगत आहे, असे म्हणण्यास आधार नाही. अर्थात नुसती दूधभाकरी त्यास पुरत नाही. सोबत अंडी, मांस, मासळी किंवा डाळ व दही यांतून प्रथिने मिळावयास हवीत.

मांजराची गोष्ट निराळी. ते शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात शेकडो मांजरांवर प्रयोग केले. शिजवलेल्या मांसावर ठेवलेल्या मांजरांची प्रकृती पिढीगणिक ढासळत गेली. कच्च्या मांसावरची मांजरे धडधाकट राहिली. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते हा दाखला आजही हिरिरीने देतात. परंतु मांजरास टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते, ही गोष्ट त्या वेळी ज्ञात नव्हती. त्याच्या अभावी दृष्टिपटल खराब होते, हे १९७५ साली आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली सिद्ध झाले. मांस शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते. पॉटेंजर यांच्या मांजरांना त्याचीच वाण पडली असावी, असे आज मानले जाते. विकरांचा त्यात संबंध दिसत नाही. यातून घरच्या वापरापुरता बोध इतकाच की, मांजरासाठी मांस किंवा मासळी थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी ओतून न देता त्यासह खाऊ घालावी. त्यात मीठमसाला, कांदा व लसूण मुळीच नसावा. शिजवलेले हाड मात्र देऊ नये. ते चिरफळून घशात किंवा आतड्यात रुतते.

कच्च्या अन्नातील विकर हितकारकच असते, असेही नाही. १९३२ च्या सुमारास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांनी लोकरीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्ची मासळी चारण्यास प्रारंभ केला. थोड्याच दिवसांत कोल्ह्यांना पक्षाघात होऊन ते मरू लागले. पुढे संशोधनाअंती असे आढळले की, काही जातींच्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. मासळी शिजवली की ते निष्प्रभ होते.

रोगांचा धोका

कच्च्या मांसाविरुद्धचा खरा आक्षेप संसर्गाचा आहे. कच्च्या मांसातील साल्मोनेलासारखे जंतू गोठवूनही पूर्णपणे मरत नाहीत. ते प्राण्याच्या तोंडातून, विष्ठेतून व भांड्यांतून घरातील मुलांपर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली कच्चा मांसाहार देऊ नये, असे धोरण जाहीर केले, ते याच कारणास्तव. बर्ड फ्लूच्या प्रादुर्भावानंतर हा धोका अधिक गंभीर झाला आहे. थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात २००४ साली कोंबड्यांचे कच्चे मांस खाल्ल्यामुळे वाघांत ही साथ पसरली आणि एकूण १४७ वाघ दगावले किंवा त्यांना मारावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात गोठवलेले कच्चे टर्कीचे खाद्य खाऊन एक घरगुती मांजर याच रोगाने मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मृत्युमुखी पडले; भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. आहारातील कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा संशय त्या वेळी व्यक्त करण्यात आला.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तो पुटीरोगाचा. शेळ्यामेंढ्या, गाई-म्हशी यांच्या काळजात व फुप्फुसांत कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी आढळतात. खाटीक त्या कापून टाकतो, कुत्रा त्या खातो. या गाठींत एका पट्टकृमीची असंख्य पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कृमी बनतात आणि सुमारे सहा-सात आठवड्यांत विष्ठेवाटे त्यांची अंडी बाहेर पडू लागतात. कुत्रा बाहेरून ठणठणीत दिसतो. अंडी मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर आणि कुत्र्याच्या केसांवर राहतात. ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वाढतात, त्याही वर्षानुवर्षे नकळत. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात या रोगाने थैमान घातले होते. १८६३ साली हेराल्ड क्रॅबे या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे जाऊन कुत्र्यांची तपासणी केली आणि पुढील वर्षी लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर विनामूल्य वाटण्यात आली. गाठी असलेले अवयव कुत्र्यांस घालू नका, ते जाळा किंवा पुरा, असा तिचा आशय होता. कुत्र्यांविषयीचे कायदे झाले, पण पालटली ती मुख्यतः लोकांची सवय. कृमिनाशक प्रभावी औषधे हाती येण्याच्या कितीतरी आधी त्या बेटावरून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. प्रसिद्धीच्या कामात असलेल्या माणसास या पुस्तिकेचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे जत्रेच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने बकरे कापले जाते, तेव्हा टाकाऊ अवयव बहुधा उघड्यावरच टाकले जातात. ग्रामपंचायतीने जत्रेच्या जागेजवळ कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा खणून ठेवणे, ही फारशा खर्चाची बाब नव्हे. कुत्र्यांस अवयव द्यावयाचेच असतील, तर ते अर्धा तास उकळून द्यावेत. हात धुतल्याशिवाय जेवू नये, हे शाळेत सांगताना शिक्षकांनी कुत्र्याशी खेळून आल्यानंतरचा प्रसंग मुद्दाम सांगावा. प्राझिक्वांटेल या औषधाने कुत्र्यातील हे कृमी मरतात. पाळीव कुत्र्यास ते किती व केव्हा द्यावयाचे, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे.