चित्राचीही विरळणी करावी लागते

भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवली घ्या की आणखी कुठले गाव, शाळेत पोरांना 'चित्र काढा' म्हटले की ठरलेला देखावा कागदावर येतो. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. आता आपल्या मुलखात ओढ्याकाठी बाभळी-करंजी दिसतात, नारळ कुठला? आणि डोंगर तरी असे टोकदार कुठे आहेत? रायरेश्वराचा माथा बघा, वर सपाट पठार! पोरगं रोज जे बघतं ते चित्रात येतच नाही. डोळ्यांनी दिसते, पण कागदावर मांडायचे कसे, हे कोणी सांगितलेले नसते. या मांडणीलाच चित्रकलेत 'रचना' म्हणतात.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत 'स्मरणचित्र' काढावे लागते. आठवडे बाजार, यात्रा, पाणवठा असा प्रसंग आठवणीने रंगवायचा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. विषय बहुतेक आपल्याच अंगणातले असतात. अडते ते रचनेवर. आठवेल ते सगळे पोरं एकाच कागदात कोंबतात.

ज्वारी दाट उगवली तर शेतकरी काय करतो? विरळणी. चांगले रोप ठेवतो, बाकीचे उपटतो. चित्राचेही तसेच आहे. त्यासाठी पुढील साध्या गोष्टी कोणत्याही शिक्षकाला किंवा पालकाला सांगता येतील.

एक वाक्य ठरवा : 'बाजार' एवढ्याने भागत नाही. 'आजी भाजीवालीशी भाव करते' असे वाक्य धरा. त्या वाक्याला मदत न करणारी माणसे, दुकाने, झाडे सरळ गाळा.

आधी काड्यापेटीएवढे चित्र : मोठ्या कागदाला हात लावण्यापूर्वी रफ वहीत छोट्या तीन-चार चौकटी आखा. प्रत्येकीत तोच प्रसंग वेगळ्या तऱ्हेने, नुसत्या ढोबळ आकारांत मांडा. त्यातली बरी वाटेल ती निवडा. चूक इथेच सापडते आणि कागद वाया जात नाही.

मुख्य गोष्ट जरा बाजूला : कागदाचे उभे तीन आणि आडवे तीन सारखे भाग कल्पा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास मुख्य आकृती ठेवा. जमीन-आभाळाची रेषाही बरोबर मधोमध नको. चित्राचे दोन तुकडे पडल्यासारखे दिसते. बैलाचे तोंड चित्राच्या आत असावे. बाहेर असले तर बघणाऱ्याची नजरही बाहेर जाते.

पुढचे, मधले, मागचे : जवळचे मोठे, लांबचे लहान. पुढच्या बैलाने मागची गाडी थोडी झाकली तरच खोली दिसते. नवशिकी पोरं प्रत्येक वस्तू सुटी काढतात, म्हणून चित्र दुकानातल्या मांडणीसारखे होते.

तपशील शेवटी : डोळे किलकिले करून बघितले की बारकावे पुसट होतात आणि उजेड, मध्यम व गडद असे तीनच भाग उरतात. आधी ते भरा. नाक-डोळे, लुगड्याचे काठ मागाहून.

थोडक्या आकारांत किती सांगता येते, हे वारली चित्रांनी दाखवले आहे. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, वर गोल डोके. लग्नाच्या चित्रात मधला चौक मुख्य आणि बाकीचा पसारा त्याच्या भोवताली. एवढ्या भांडवलावर जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि देशाबाहेर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

आता गावकारभाऱ्यांसाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तिथेच कलेसाठी अर्धवेळ निदेशक धरलेला आहे. वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळांच्या वाट्याला तो येत नाही. तिथे हे काम वर्गशिक्षकावरच येते. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाच्या सुरुवातीला कागद, पेन्सिली आणि रंगांची सोय लावली, तरी त्याचा निम्मा भार हलका होईल.

पालकांना तर तेवढाही खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध चौकोनी खिडकी कापा आणि पोराच्या हाती द्या. त्यातून त्याला आपलेच शेत बघू द्या. खिडकीत मावेल तेवढेच चित्रात घ्यायचे, बाकी सोडायचे. मग म्हणा, 'आता आपलं खळं काढून दाखव.' बघा, नारळाचे झाड आपोआप गळून पडते की नाही.